शनिवारने गाय नेली

कॉलेजच्या माध्यम विभागाचे प्रमुख कुठल्याही प्रश्नाला "लवकरच" असं उत्तर देत, म्हणून त्यांना सगळे लवकरचसर म्हणत. नवा कॅमेरा लवकरच येणार होता, स्टुडिओच्या छताची गळती लवकरच थांबणार होती आणि सरांचं स्वतःचं पुस्तक तर कित्येक वर्षं लवकरच निघत होतं. माणूस मात्र मनाने चांगला. 'खुला पडदा' ही कल्पना त्यांचीच. महिन्यातून एकदा कॉलेजच्या सभागृहात परदेशी चित्रपट दाखवायचा, त्यावर कुणा जाणत्याचं व्याख्यान ठेवायचं, आणि गावातल्या कोणीही यावं, फुकट.

गावातलं कोणी येत नसे. हजेरी लागते म्हणून विद्यार्थी येत, सभागृह थंडगार असतं म्हणून दोन-चार पेन्शनर येत, आणि पहिल्या रांगेत मधोमध बाईंच्या सासूबाई येत.

बाई म्हणजे याच कॉलेजात व्याकरण शिकवणाऱ्या बाई. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की त्या अर्धा मार्क कापत. प्राचार्यांची नोटीस लागली तरी तिच्यात लाल पेनाने अनुस्वार देऊन मगच पुढे जात. सासूबाईंना त्या चित्रपटाला आणत, कारण सासूबाईंना यायचंच असे. घरी टीव्ही होता, पण घरी कोणी शेजारी बसून सगळं समजावून सांगत नाही. पडद्याखालच्या इंग्रजी पाट्या सासूबाईंना जमत नसत. अक्षर बारीक, आणि वाचेपर्यंत थांबत नाही. मग बाई त्या वाचून मराठीत त्यांच्या कानात सांगत. सासूबाईंना ऐकायला जरा कमी येत असल्यामुळे ही कुजबुज चौथ्या रांगेपर्यंत जाई, आणि चौथ्या रांगेतले पेन्शनर तिथेच का बसतात ते हळूहळू सगळ्यांना कळलं होतं.

सासूबाई कधी कुणाला टोचून बोलत नसत. आपण बोलत नाही, एवढंच त्या सांगत. "मीठ कमी आहे असं मी म्हणत नाही," त्या म्हणत. "खाणाऱ्याला कळतं." किंवा, "उशीर झाला असं मी म्हणत नाही. घड्याळ भिंतीवर आहे." बाईंनी त्यावर कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी द्यायचं राहून गेलं, आणि पुढे फार उशीर झाला.

त्या संध्याकाळी मात्र सभागृह गच्च भरलं. लवकरचसरांनी वर्तमानपत्राला कळवलं होतं, 'कुटुंबसंस्थेची चिकित्सा करणारा पोलिश चित्रपट'. वर्तमानपत्राने जागेअभावी छापलं, 'हृदयस्पर्शी कौटुंबिक चित्रपट, मुलाबाळांसह या'. लोक मुलाबाळांसह आले. खुर्च्या पुरेनात म्हणून वर्गातले बाक आणले. सर आनंदाने इकडून तिकडे नुसते धावत होते.

व्याख्यानाला एक नामवंत समीक्षक आले होते. त्यांनी चित्रपटाआधी दोन शब्द सांगितले. "हा चित्रपट मी किती वेळा पाहिलाय ते विचारू नका," ते म्हणाले. कोणी विचारलं नाही. दिवे मालवले.

पडद्यावर बर्फ, बर्फात एक घर, घरात एक म्हातारा आणि एक तरुण बाई, दारात गाय. एक मिशीवाला माणूस आला, म्हाताऱ्याशी काहीतरी बोलला. म्हातारा काहीतरी म्हणाला. तरुण बाई बरंच काही म्हणाली. खाली एक अक्षर उमटलं नाही.

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी विचारलं.

"पाट्या आल्या नाहीत अजून."

"मग तू सांग ना."

अंधारातून लवकरचसरांचा आवाज आला, "पाट्या लवकरच दिसतील." विद्यार्थी हसले. पाट्या दिसल्या नाहीत. एक पोर रडायला लागलं. मागच्या बाजूला बाक सरकल्याचे आवाज यायला लागले. कॉम्प्युटरशी झटापट करणाऱ्या माणसाने शेवटी सांगितलं की या फाइलमध्ये पाट्या नाहीतच, आणि नसलेली गोष्ट आपल्याला दाखवता येत नाही. समीक्षक शांतपणे म्हणाले, "खरं तर या चित्रपटाला शब्दांची गरजच नाही." तेवढ्यात आणखी एक कुटुंब उठलं.

आणि लवकरचसरांना आठवण झाली. त्यांनी चित्रपट थांबवायला लावला आणि माइक घेऊन ते थेट पहिल्या रांगेत आले.

"बाई, तुम्हाला पोलिश येतं!"

हे कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं हे खरं. स्वतः विद्यार्थिनी असताना बाईंना जपानी शिकायचं होतं. जपानीचा वर्ग भरला, पोलिशमध्ये जागा होती. तिसऱ्या महिन्यात शिकवणाऱ्या बाईच गाव सोडून गेल्या आणि वर्ग बंद पडला. पुढे नोकरीच्या अर्जात बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'पोलिश (अगदी प्राथमिक)'. माहितीपत्रक छापताना कंस गळाला.

"सर, मला खरंच येत नाही हो."

"केवढा विनय!" सर माइकवरच म्हणाले. "मित्रहो, हा विनय बघा! आपल्या बाई आता या चित्रपटाचं थेट मराठी भाषांतर करतील."

टाळ्या पडल्या. तरी बाई नाही म्हणाल्या असत्या. पण त्याच वेळी सासूबाई खुर्चीत वळल्या आणि मागच्या सगळ्या रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझी सून आहे."

एवढ्या वर्षांत हे वाक्य या सुरात बाईंनी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी माइक घेतला.

सुरुवातीला त्यांनी खरेपणा सोडला नाही. "तो म्हणतो, हो," त्या म्हणाल्या. मग "ती म्हणते, नाही." मग म्हाताऱ्याचं एक लांबलचक वाक्य आलं. सगळं सभागृह बाईंच्या तोंडाकडे बघू लागलं. त्या लांबलचक वाक्यात त्यांना एकच ओळखीचा शब्द सापडला, 'सोबोता'. सोबोता म्हणजे शनिवार. वार पाठ होते.

"शनिवारी..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. पडद्यावर मिशीवाला गाईला दोरीने ओढत बर्फातून निघाला होता. "शनिवारी आपली गाय जाणार."

"अरेरे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि बाईंचा धीर वाढला.

त्यानंतर म्हातारा आणि तरुण बाई घडीघडीला सोबोता म्हणत राहिले आणि बाई शनिवार म्हणत राहिल्या. शनिवारी पाऊस येईल. शनिवारचं मला सांगू नकोस. शनिवार चांगला नाही. लोक रंगले, गेलेलं एक कुटुंब दारातून परत आलं. फक्त तिसऱ्या रांगेत हिरवी शाल पांघरलेल्या एक वयस्क बाई भलत्याच ठिकाणी हसत होत्या. गाय गेली तेव्हा तर त्यांनी शालीचा पदर तोंडावर धरला.

मग म्हातारा आणि ती तरुण बाई जेवायला बसले. म्हाताऱ्याने सूपचा घोट घेतला, चमचा खाली ठेवला आणि काहीतरी पुटपुटला. यात शनिवारही नव्हता. बाईंना काही सुचेना, आणि सुचेना तेव्हा माणसाच्या तोंडी रोजचं येतं.

"मीठ कमी आहे असं मी म्हणत नाही," बाई माइकवर म्हणाल्या. "खाणाऱ्याला कळतं."

सभागृहात असा हशा पिकला की सर दचकले. सासूबाईही हसल्या. "बरोबर आहे म्हाताऱ्याचं," त्या शेजारणीला म्हणाल्या. पुढे म्हातारा खिडकीतून बाहेर बघत बोलला. "उशीर झाला असं मी म्हणत नाही." पुन्हा हशा. या वेळी सासूबाई हसल्या नाहीत. खोकल्याच्या गोळीचा कागद सोडता सोडता त्यांचा हात थांबला.

आणि मग ते दृश्य आलं. तरुण बाई चुलीपाशी उभी राहिली, टोपलीतून एक बटाटा उचलून एप्रनला पुसायला लागली आणि बोलायला लागली. कॅमेरा हलेना. ती थांबेना. तिचा आवाज चढत नव्हता, ती रडत नव्हती, सावकाश एकामागून एक सांगत होती, जणू पाठ करून आली होती.

"शनिवारी..." बाईंनी सवयीने सुरुवात केली. मग शनिवारवर सांगण्यासारखं काही उरलं नाही.

"मी या घरात आले," बाई म्हणाल्या, "तेव्हा मला वाटलं, थोडे दिवस पाहुणी असेन, मग घरची होईन. पाहुणी मी राहिले नाही, कारण पाहुण्यांना कोणी कामं सांगत नाही. घरची झाले का, ते मला कोणी सांगितलं नाही."

मागच्या बाकांवरचे लोक पुढे वाकले.

"तुम्ही मला कधी वाईट बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. 'मी म्हणत नाही' म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? आणि मीठ काही रोज चुकत नाही. ज्या दिवशी बरोबर पडतं, त्या दिवशी तुम्ही गप्प जेवता. त्या गप्प बसण्यावरून मी ओळखायचं की आज जमलं. मला दमायला होतं. मी ते कुणाला सांगत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं की मला दमायलाच होत नाही."

"आई, मग ती बटाटा का पुसतेय?" एका पोराने विचारलं. आईने त्याला गप्प केलं आणि स्वतःचे डोळे पुसले.

पडद्यावरची बाई बोलायची थांबली. म्हाताऱ्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग तो एकच शब्द बोलला, "दोब्झे." हा शब्द पहिल्या धड्यातला होता, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच बाईंनी पूर्ण खात्रीने भाषांतर केलं.

"बरं."

पुढचं सगळं बाईंनी कसंबसं ओढत नेलं. दिवे लागले तेव्हा लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. बाईंनी सासूबाईंकडे बघायचं टाळलं.

समीक्षक बोलायला उभे राहिले. बोलायची हातोटी होतीच त्यांच्याकडे. "शनिवार!" ते म्हणाले आणि थोडं थांबले. "रविवारच्या आदला दिवस. या माणसांच्या आयुष्यात कायम शनिवारच असतो, रविवार उजाडतच नाही. गाय कधी जाते? शनिवारी. आणि तो मिठाचा संवाद! मी पहिल्यांदा ऐकला त्या दिवसापासून जेवताना तो मला आठवला नाही असं झालं नाही. मूळ पोलिशमध्ये तर तो आणखीच धारदार आहे."

आपण खोटं बोललो याची बाईंना लाज वाटत होती. आता आपल्या खोट्यावर दुसरा माणूस मजला चढवतोय हे बघून भीती वाटायला लागली.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. हिरव्या शालीतल्या बाईंनी हात वर केला. त्यांचे यजमान जहाजं बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते, आणि त्यांच्याबरोबर त्या पोलंडमध्ये दोन मुलं वाढवून परत आल्या होत्या. हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, तेव्हाच लवकरचसर खुर्चीत नीट बसले.

"माझा प्रश्न अगदी साधा आहे," शालीतल्या बाई म्हणाल्या. "सोबोता हे त्या मिशीवाल्या शेजाऱ्याचं आडनाव आहे. गाय शनिवारी गेली नाही. शनिवारने गाय नेली. आता हे रूपक कुठे बसवायचं?"

समीक्षकांनी पाण्याचा ग्लास उचलला. पाणी पिणाऱ्या माणसाला कोणी उत्तर मागत नाही, म्हणून ते पीतच राहिले. बाई उठल्या. दुसऱ्याच्या नावावर आपली चूक खपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"चूक यांची नाही," त्या माइकवर म्हणाल्या. "मला पोलिश येत नाही. मला आठवड्याचे वार येतात, विसापर्यंत अंक येतात आणि रेल्वे स्टेशन कुठे आहे ते विचारता येतं. या चित्रपटात स्टेशन नव्हतं."

मग चौथ्या रांगेतले एक पेन्शनर म्हणाले, "म्हणजे? ती चुलीपाशी उभं राहून एवढा वेळ काय बोलत होती?"

"बटाटे कसे साठवायचे ते सांगत होती," शालीतल्या बाई म्हणाल्या.

हशाने सभागृह हादरलं. बटाट्याबद्दल विचारणारं ते पोर तर खुर्चीवर उभं राहून आईकडे बोट दाखवायला लागलं. समीक्षक म्हणाले, "खरं तर बटाटा हेदेखील..." पण ते कोणी ऐकलं नाही.

हसू ओसरल्यावर मागून एका बाईचा आवाज आला. "पण मग ते मिठाचं कोण म्हणालं?"

पहिल्या रांगेतली शेजारीण सासूबाईंकडे बघायला लागली. मग तिच्या पलीकडची. सासूबाईंनी पर्स मांडीवरून खुर्चीवर ठेवली आणि त्या उभ्या राहिल्या.

"मिठाचं मी म्हणते," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "आणि कमी असतं म्हणूनच म्हणते."

टाळ्या पडल्या. कोणासाठी ते कोणालाच नीट सांगता आलं नसतं.

चहाच्या टेबलापाशी समीक्षक बाईंना गाठून हळूच म्हणाले, "मी खोटं नाही बोललो हो. महोत्सवात बसलो होतो मी या चित्रपटाला. सुरुवातीलाच झोप लागली. जाग आली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. मग लेख लिहिला. तो लेख गाजला, आणि मग चित्रपट बघायचं धाडस होईना. आज पहिल्यांदा जागा राहिलो. तुमच्यामुळे." बाईंना त्यांचा राग यायला हवा होता. त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली.

बाईंचे यजमान दोघींना न्यायला गाडी घेऊन आले. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

"कसा होता पिक्चर?" त्यांनी विचारलं.

त्यांनी आरशातून मागे पाहिलं आणि शहाणपणाने गाडीकडे लक्ष दिलं. दोन चौक गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ते सगळं त्या बाईचं होतं की तुझं?"

"आधी मला वाटलं त्या बाईचं असेल."

"ती बटाट्यांचं बोलत होती."

"मग माझं."

"तोंडावर बोलायचं होतंस."

"तोंडावर तुम्ही ऐकलं असतंत?"

सासूबाईंनी खरोखरच विचार केला. "नसतं," त्या म्हणाल्या. "माइकवर बरं ऐकू येतं."

यजमानांनी रेडिओ लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

घरात त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. सासूबाई "मी म्हणत नाही" म्हणायच्या बंद झाल्या एवढंच. त्या सरळ म्हणायला लागल्या, "मीठ कमी आहे." बाई म्हणायच्या, "वरून घ्या." पहिल्यांदा हे झालं तेव्हा यजमानांचा घास हातातच राहिला. पुढे त्यांनाही सवय झाली. दोघी दोन दिवस भांडल्याही, पडदे कुठले धुवायचे यावरून, आणि भांडण संपल्यावर बाईंना आजारातून उठल्यासारखं हलकं वाटलं.

कॉलेजात लोकांनी सरांचं डोकं खाल्लं. अर्ध्यांना बाईंचाच चित्रपट पुन्हा बघायचा होता, अर्ध्यांना खरी गोष्ट हवी होती. सर दोन्ही गटांना "लवकरच" म्हणत राहिले. पण या वेळी शालीतल्या बाई स्वतः त्यांच्या खोलीत जाऊन बसल्या आणि तारीख ठरल्याशिवाय उठल्या नाहीत. पुढच्या महिन्यात तोच चित्रपट पुन्हा लागला. माइक शालीतल्या बाईंच्या हातात होता, आणि बाई पहिल्यांदाच नुसत्या प्रेक्षक म्हणून सासूबाईंच्या शेजारी बसल्या.

लोक हसायला म्हणूनच आले होते. शनिवारने गाय नेली तेव्हा मनसोक्त हसलेही. मग चुलीपाशी ती बाई उभी राहिली, आणि बटाट्याचं येणार म्हणून सगळे सरसावून बसले.

"खालच्या फळीवरचे आधी संपवा," शालीतल्या बाई सांगत होत्या. "कोंब आले तर खुडा, बटाटा टाकून देऊ नका. तळघराचं दार उघडं ठेवू नका, थंडी शिरते. चूल विझू देऊ नका, तुम्हाला ती पेटवता येत नाही. दूध सोबोताकडून येईल, गाय आता त्याच्याकडे आहे. भांडं धुऊन परत द्या."

कोणी हसेना.

"ही चाललीय," सासूबाई एकदम म्हणाल्या.

"कोण?"

"ती. घर सोडून चाललीय. नाहीतर म्हाताऱ्याला कोण शिकवतंय बटाटे ठेवायला?"

चौथ्या रांगेतून "शूऽऽ" आलं. पडद्यावर म्हाताऱ्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आपला एक शब्द उच्चारला. शालीतल्या बाईंनी तो शब्द सांगितलाच नाही. सगळ्यांना येत होता.

बाहेर पडताना पायऱ्यांवर सासूबाईंनी बाईंचा दंड धरला. तसा तो त्या रोजच धरत, गुडघ्यांमुळे. अर्ध्यात थांबून म्हणाल्या, "गेली ती. बरं केलं की वाईट, काही सांगता येत नाही."

"मी कुठे चाललेली नाहीये."

"मी विचारलं का?" सासूबाई म्हणाल्या. दोन पायऱ्या उतरल्या. "विचारणार होते."

त्याच आठवड्यात शालीतल्या बाईंनी बाईंना घरी येऊन पोलिश शिकवायला सुरुवात केली. माहितीपत्रकात छापलंय ते निदान खरं तरी होऊ दे, असं बाईंचं म्हणणं. पहिल्या दिवशी सासूबाई "मी नुसती बसते" म्हणून खुर्ची ओढून बसल्या. घरात माझ्यासमोर परक्या भाषेत काय बोललं जातंय ते मला कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. आठवडाभरात त्यांना पोलिशमध्ये 'नाही' म्हणता यायला लागलं, आणि तो शब्द त्या दिवसभर वापरत, भाजीवाल्यालासुद्धा. बाई मात्र अडखळत होत्या. नामं फिरत होती, शेपट्या बदलत होत्या. शेवटी शालीतल्या बाईंनी त्यांना धीर देत समजावलं, "ही भाषा अवघडच आहे. हिच्यात सात विभक्त्या आहेत, सात!"

व्याकरणाच्या बाई काही बोलायच्या आत सासूबाईंनी चष्मा वर सरकवला.

"सातच?" त्या म्हणाल्या. "आमच्या सुनेला आठ येतात."